किरकोळ म्हणून सोडून दिलेला प्रश्न

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी आमच्या संस्थेने किशोरवयीन मुलींचे तीन दिवसांचे निवासी शिबिर घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी 'आपले शरीर' हे सत्र माझ्याकडे होते. पाळी, अंगावरून पांढरे जाणे, रक्तक्षय, गर्भधारणा असे नेहमीचे विषय झाले आणि शेवटी नेहमीप्रमाणे चिठ्ठ्यांचा डबा फिरवला. नाव लिहायचे नाही, तोंडाने विचारायला लाज वाटते तो प्रश्न कागदावर लिहून टाकायचा, अशी ही साधी पद्धत. आपल्यापैकी बऱ्याच जणी ती वापरतात.

रात्री मुली झोपल्यावर मी चिठ्ठ्या उघडून त्यांचे गठ्ठे करायला बसले. पाळीचा गठ्ठा मोठा होईल अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात सर्वांत मोठा गठ्ठा झाला चेहऱ्याचा. 'नाकावर काळे काळे दाणे आहेत, कितीही घासले तरी जात नाहीत, काय करू?' 'कपाळावर बारीक पांढऱ्या पुटकुळ्या आहेत, दाबल्या की तांदळाच्या कणीसारखे निघते, ते काय असते?' 'आई म्हणते लग्न झाले की मुरुम जातात, खरे आहे का?' आणि एक चिठ्ठी, तीन वेळा खाडाखोड केलेली: 'मनात वाईट विचार आले की तोंड फुटते का?'

मी काय केले ते प्रांजळपणे सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीच्या आणि इतर प्रश्नांना मी एकेक करून उत्तरे दिली. चेहऱ्याच्या सगळ्या चिठ्ठ्यांना मात्र मिळून एकच उत्तर दिले. बाजार आपल्याला आपल्या शरीराची लाज वाटायला कसा शिकवतो, जाहिरातीतली बाई कशी बनवलेली असते, बाईची किंमत तिच्या कातडीवरून का ठरू नये, यावर मी अर्धा तास बोलले. मी चांगले बोलले असणार, कारण मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या अर्ध्या तासात नाकावरचे काळे दाणे म्हणजे काय, हे मी एका वाक्यानेही सांगितले नाही.

त्यानंतर साधारण चार महिन्यांनी शिबिरातली एक मुलगी वस्तीतल्या बैठकीला आली. तिचे नाव मी येथे लिहीत नाही. भर दुपारी, घरात बसूनही तिने तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ सोडला नव्हता. बैठक संपल्यावर सगळ्या गेल्या तेव्हा तिने तो सोडला. दोन्ही गाल लालबुंद, कातडी कागदासारखी पातळ, हनुवटीवर आणि कपाळावर पूर्वी नव्हते इतके फोड. उन्हात जाववत नाही, चुलीपुढे बसले की आग होते, म्हणाली. पिशवीतून तिने एक चेपलेली ट्यूब काढली. मेडिकलमधून आणलेली. "मुरुम जातात आणि रंगपण उजळतो," असे दुकानदार काकांनी सांगितले होते. पहिल्या आठ दिवसांत चेहरा "काचेसारखा" झाला होता. ट्यूब संपली, चार दिवस लावली नाही, आणि सगळे दुपटीने वर आले. म्हणून दुसरी आणली, मग तिसरी. मध्ये बघण्याचा एक कार्यक्रम होऊन गेला होता.

मी तिला विचारले, "अगं, आधी मला का नाही विचारलंस?"

ती म्हणाली, "विचारलं होतं की ताई. चिठ्ठी टाकली होती. तुम्ही म्हणालात चेहऱ्याकडे बघायचंच नाही. मला वाटलं, तुम्हालापण माहीत नसेल."

हा लेख त्या वाक्यामुळे लिहिते आहे.

तो मळ नाही

सुरुवात त्या चिठ्ठ्यांच्या उत्तरांपासूनच करते. ती मी त्या दिवशी द्यायला हवी होती.

आपल्या त्वचेवर जी बारीक छिद्रे असतात, त्यांच्या मुळाशी केसाचे बीज आणि तेल तयार करणारी ग्रंथी असते. हे तेल त्वचेला मऊ ठेवण्यासाठी लागतेच. वयात येताना अँड्रोजेन नावाची संप्रेरके वाढतात. त्यांना पुरुषी संप्रेरके म्हणायची पद्धत असली तरी ती मुलींच्याही शरीरात असतात. त्यांच्यामुळे तेलाच्या ग्रंथी मोठ्या होतात आणि जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या मृत पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात. तेल आणि पेशी मिळून बूच तयार होते.

हे बूच वरून कातडीने झाकलेले राहिले तर पांढरी बारीक पुटकुळी दिसते. तिला व्हाइटहेड म्हणतात. छिद्राचे तोंड उघडे असेल तर बुचाचा वरचा भाग हवेच्या संपर्कात येऊन काळा पडतो. तोच ब्लॅकहेड. हा काळेपणा त्या बुचात असलेल्या मेलॅनिन या रंगद्रव्याचा आणि हवेशी होणाऱ्या प्रक्रियेचा असतो. तो मळ नसतो. म्हणूनच साबणाने कितीही घासले तरी तो जात नाही. उलट घासल्याने त्वचा सोलवटते आणि सूज वाढते. बुचाच्या मागे तेल साठत गेले, त्यात त्वचेवर नेहमीच राहणारे जंतू वाढले आणि शरीराने त्याला प्रतिकार केला की लाल, दुखरा, पू भरलेला मुरुम होतो. म्हणजे काळा दाणा, पांढरी पुटकुळी आणि मोठा मुरुम हे तीन वेगळे रोग नाहीत. ते एकाच घडामोडीचे टप्पे आहेत.

नाकावरचे करड्या रंगाचे बारीक, एकसारखे ठिपके तर बहुतेक वेळा ब्लॅकहेडही नसतात. ती तेलाने भरलेली साधी छिद्रे असतात, जवळजवळ प्रत्येकाच्या नाकावर असतात. नाकावर पट्टी चिकटवून ती ओढून काढली तरी काही आठवड्यांत पुन्हा भरतात. जो रोगच नाही त्यावर दर महिन्याला पैसे घालायला लावणारा धंदा किती बिनधोक आहे, हे यावरून लक्षात येईल.

'तो मळ नाही' हे एवढे ठासून का सांगायचे? कारण आपल्या समाजात मळ हा शब्द कधीच नुसता मळापुरता राहत नाही. 'आंघोळ करत नाहीस का', 'तोंड धूत नाहीस का', 'तुमच्याकडे पद्धतच नाही' अशी वाक्ये कोणत्या वस्तीतल्या मुलींना वर्गात ऐकावी लागतात, हे आपण सगळ्या जाणतो. दोन हंडे पाण्यासाठी तासभर रांगेत उभी राहणारी मुलगी त्यातले तांब्याभर पाणी पाचव्यांदा तोंड धुण्यावर घालवते. तिच्या अंगी स्वच्छता नाही, असे तिला पटवलेले असते. त्या मुलीला 'हा मळ नाही, यात तुझा काही दोष नाही' हे शास्त्रीय कारणासहित सांगणे म्हणजे आरोग्यशिक्षण आहेच. त्याहून अधिकही काही आहे.

घराघरातले निदान

दुसरा समज मनाचा. वयात येणाऱ्या मुलीच्या तोंडावर पुटकुळी आली की घरातली मोठी माणसे तिच्याकडे संशयाने पाहतात. 'कुणाचा विचार करते' असे थट्टेने म्हटले जाते, पण त्या थट्टेत पहारा असतो. 'लग्न झाले की जातील' हे त्याच निदानाचे दुसरे टोक. लग्नाचा आणि बुचाचा काही संबंध नाही. वीस-बावीस वर्षांनंतर बऱ्याच जणींचे मुरुम वयोमानाने कमी होतात आणि त्याच सुमारास लग्ने होतात, एवढाच काय तो योगायोग. अनेक बायकांना तिशी-चाळिशीतही मुरुम येतात. त्यांची लग्ने होऊन पंधरा-पंधरा वर्षे झालेली असतात.

येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. किशोरवयात तीव्र स्वरूपाचे मुरुम मुलांमध्ये जास्त दिसतात. पण मुलाच्या तोंडावर मुरुम आले की 'वयात आला' म्हणतात आणि विषय संपतो. मुलीच्या बाबतीत तो दोष होतो. स्थळाच्या बैठकीत तो बोलला जातो, फोटो काढताना पुसला जातो, आणि एखाद्या घरी देण्याघेण्याचा आकडा वाढवायलाही उपयोगी पडतो. रोग तोच, तोंडे दोन, आणि दोघांचे हिशेब वेगळे.

तिसरे निदान 'उष्णते'चे. ते मला सर्वांत काळजीचे वाटते, कारण त्यावरचा उपाय मुलीच्या ताटातून काढला जातो. अंडी बंद, शेंगदाणे बंद, गूळ बंद. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा राज्यात तोंडावरच्या पुटकुळ्यांसाठी मुलीचे अंडे बंद करायचे, हा उपाय रोगापेक्षा भारी आहे. फार साखरेचे खाणे आणि मुरुम यांचा काहीसा संबंध दिसून आला आहे. म्हणून गोड पेये आणि पाकिटातला खाऊ कमी केला तर चांगलेच. पण पोटभर, चौरस जेवणाने कुणाचे तोंड फुटत नाही.

घरगुती लेपांबद्दलही स्पष्ट बोलू या. आजीचे ज्ञान म्हणून आपण त्याचा आदर करतो, पण सगळेच लेप निरुपद्रवी नसतात. लिंबाने आणि खाण्याच्या सोड्याने कातडी भाजते. टूथपेस्टनेही तेच होते. खोबरेल तेल चेहऱ्याला चोळले तर ज्यांची छिद्रे बुजण्याच्या बेतात आहेत त्यांची ती आणखी बुजतात. डोक्याला चोपडलेले तेल कपाळावर ओघळते तेथे नेमक्या बारीक पुटकुळ्या दिसतात, हे तुम्ही पाहिले असेल. नखाने दाबणे तर सर्वांत वाईट. बूच अर्धे बाहेर येते, अर्धे आत ढकलले जाते आणि मागे डाग किंवा खड्डा राहतो. आपल्या सावळ्या कातडीवर हे डाग जास्त काळ टिकतात. ज्या समाजात सावळी म्हणून आधीच दोन पावले मागे उभे केले जाते, तेथे हा डाग किती महाग पडतो, ते वेगळे सांगायला नको.

ट्यूबमध्ये काय होते?

आता त्या मुलीच्या ट्यूबकडे वळते. डोळ्यांना ताण देऊन बारीक इंग्रजी अक्षरे वाचली. त्यात क्लोबेटासॉल होते. हे अतिशय तीव्र स्टिरॉइड आहे. त्याच्या जोडीला एक जंतुनाशक आणि एक बुरशीनाशक. स्टिरॉइड सूज दाबते, म्हणून पहिल्या काही दिवसांत चेहरा साफ दिसतो. पण ते बूच विरघळवत नाही. काही आठवड्यांत कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि स्टिरॉइडमुळेच नवे मुरुम येतात. बंद केले की सगळे उसळून येते, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला 'स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा' असे नावच दिले आहे, इतकी ती आपल्या देशात दिसते.

२०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे 'शेड्यूल एच'मध्ये आणली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. वेष्टनावर तशी सूचना असते. पण ती इंग्रजीत असते, आणि मराठी माध्यमात शिकलेल्या आमच्या मुलीला ती वाचता आली नाही. ज्याला वाचता येत होती त्या दुकानदाराने ती वाचून दाखवली नाही. कायदा आहे. तो तालुक्याच्या बाजारपेठेतल्या गल्ल्यापर्यंत पोचलेला नाही.

पार्लरमधून किंवा ओळखीतून मिळणाऱ्या, कंपनीचे नाव-पत्ता नसलेल्या डब्या त्याहून घातक. रंग उजळवण्याच्या अशा काही क्रीममध्ये पारा सापडतो आणि पारा मूत्रपिंडाला इजा करतो. २०२३ साली केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात अशी क्रीम वापरलेल्यांच्या मूत्रपिंडांच्या आजाराची प्रकरणे उघडकीस आली. मुरुमांसाठी क्रीम मागायला गेलेल्या मुलीला बहुधा गोरे करणारीच क्रीम मिळते, कारण बाजाराच्या लेखी दोन्ही 'दोष' एकाच खात्यातले. २०२० साली एका प्रसिद्ध क्रीमने आपल्या नावातला 'फेअर' हा शब्द काढला. शब्द गेला, मागणी कोठे गेली?

मग उपाय काय?

उपाय आहेत, आणि ते फार महागही नाहीत. दिवसातून दोन वेळा सौम्य साबणाने, न घासता तोंड धुणे. बूच सुटावे यासाठी अ‍ॅडापॅलीन किंवा ट्रेटिनॉइन हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढे लावतात. सुरुवातीला एक रात्र सोडून एक रात्र. पहिले काही आठवडे कातडी कोरडी पडते, सालपटे निघतात, क्वचित मुरुम वाढल्यासारखेही वाटतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. हे आधी सांगितले नाही तर मुलगी पंधराव्या दिवशी औषध फेकून देते आणि परत त्या आठ दिवसांत काच करणाऱ्या ट्यूबकडे जाते. औषध चालू असताना उन्हापासून चेहरा जपायचा. गरोदरपणात किंवा दिवस जाण्याची शक्यता असेल तर ही औषधे वापरायची नाहीत.

सॅलिसिलिक अ‍ॅसिड सौम्य आहे आणि बारीक दाण्यांवर थोडाफार उपयोगी पडते. लाल, पुवाच्या मुरुमांवर बेंझॉइल पेरॉक्साइड चालते. त्याने ओढणीवर, उशीच्या अभ्र्यावर पांढरे डाग पडतात, तेवढे सांभाळायचे. हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. हा प्रश्न नटण्यामुरडण्याचा आहे असे म्हणणाऱ्यांना ती यादी दाखवावी.

आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या हा फार तीव्र मुरुमांवरचा प्रभावी उपाय आहे, पण त्या चालू असताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंगे येऊ शकतात. गोळ्या थांबवल्यावरही निदान महिनाभर गर्भ राहू देऊ नये. आता विचार करा. नुकतेच लग्न झालेल्या बाईला या गोळ्या दिल्या, तर तिला गर्भनिरोधनाबद्दल विचारले जाते का? आणि लग्न न झालेल्या मुलीला तर हा प्रश्न विचारणेच असभ्य मानले जाते, म्हणून धोका सांगितलाच जात नाही. आमच्या कामात मी दोन्ही पाहिले आहे. बाईच्या लैंगिक आयुष्याबद्दलचे मौन मुरुमांच्या गोळीपर्यंत येऊन पोचते ते असे.

मुरुमांबरोबर पाळी दीर्घकाळ अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, वजन वाढत असेल तर पीसीओएसची तपासणी करून घ्यावी. आणि स्टिरॉइडची ट्यूब बरेच दिवस लावली असेल तर ती एकदम आपल्या मनाने न थांबवता डॉक्टरांना दाखवावी. फार त्रास होतो, त्या काळात मुलीला धीर द्यायला कुणीतरी हवे असते.

'त्वचा व गुप्तरोग विभाग'

सरकारी दवाखान्यात हे सगळे मिळायला हवे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत तपासणी आणि उपचार निःशुल्क केले आहेत. मी त्या मुलीला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेले. केसपेपर काढला, पाटी शोधली आणि दोघी थबकलो. पाटीवर लिहिले होते, 'त्वचा व गुप्तरोग विभाग'.

वैद्यकशास्त्रात हे दोन विषय एकत्र शिकवले जातात, म्हणून पाटी तशी. पण लग्नाचे बोलणे चालू असलेली मुलगी त्या पाटीखालच्या रांगेत उभी राहील का? बाजूलाच तिच्या गावच्या दोन बायका नेत्रविभागात आल्या होत्या. तिने स्कार्फ पुन्हा घट्ट बांधला आणि म्हणाली, "ताई, आपण जाऊ या." मी तिला कसेबसे थांबवले. ज्या बाईला खरोखर गुप्तरोगाची तपासणी हवी आहे, ती या रांगेत कशी उभी राहत असेल, हाही विचार त्या बाकावर बसल्या बसल्या मनात आला. आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी नीट तपासले, नीट समजावले, हे सांगायला हवे. मुरुमांवरचे औषध मात्र तेथे शिल्लक नव्हते. ते बाहेरून घ्यायला चिठ्ठी मिळाली. जाण्यायेण्याचे एसटीचे भाडे आणि तिच्या आईची बुडालेली रोजंदारी धरली तर 'निःशुल्क' उपचार त्या मेडिकलमधल्या ट्यूबपेक्षा कितीतरी महाग पडला.

मुली मेडिकलमध्ये का जातात, याचे उत्तर त्या दिवसाच्या खर्चात आहे. तेथे पाटी नाही, रांग नाही, दिवस मोडत नाही आणि 'एवढ्याशासाठी आलीस?' असे कुणी म्हणत नाही.

आपली अडचण

आमच्या गटात मी हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ मैत्रीण चिडून म्हणाली, "म्हणजे आता आपण पार्लर काढायचं का?" तिची चीड मला समजते. १९९६ साली बंगळूरला मिस वर्ल्ड स्पर्धा भरली, तेव्हा स्त्रियांच्या संघटनांनी रस्त्यावर उतरून विरोध केला. देह विक्रीला काढणाऱ्या बाजाराविरुद्धचा तो लढा होता आणि तो आजही मला माझा वाटतो. मुलींना साफ चेहऱ्याचे उपाय सांगितले तर आपण लग्नाच्या बाजारासाठी माल घासूनपुसून देतो आहोत का, ही तिची शंका खोटी नाही. मलाही ती अधूनमधून सतावते.

पण या शंकेचे उत्तर मुलींना माहितीपासून दूर ठेवण्यात नाही. अंगावरून जाणे, पाळीतले दुखणे, गर्भाशय खाली येणे ही सगळी दुखणी एके काळी 'बायकांची कुरकुर' म्हणून उडवून दिली जात होती. बाईला जे दुखते ते खरे माना, असे म्हणत स्त्री-आरोग्य चळवळ उभी राहिली. मग मुलीच्या तोंडावरचे दुखणे आले की आपणच ते किरकोळ का म्हणायचे? पुवाचा मुरुम दुखतो. खड्डे आयुष्यभर राहतात आणि वेळेवर उपचार केले तर बरेचसे टळतात. लाजेने मुली वर्गात मागच्या बाकावर बसतात, शाळा बुडवतात. हा विषय आपण 'सौंदर्य' या खात्यात टाकला, त्यामुळे तो आपल्या हातातून सुटला आणि बाजाराने अलगद उचलला. बाजार निदान मुलीचा प्रश्न ऐकून घेतो. त्याचे उत्तर खोटे असते, पण तो 'असले प्रश्न विचारू नकोस' म्हणत नाही. ते मी म्हटले होते.

आणि ज्या मुलीला उपचार नको, तिलाही हे ज्ञान हवेच. नाकावरचे ठिपके तसेच ठेवून मजेत जगायचे असेल तर ते ठिपके काय आहेत हे कळल्यावर ते जास्त सोपे होते. न समजता झिडकारणे आणि समजून सोडून देणे यांत फरक आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, माझ्या काही सूचना आहेत. आपापल्या गटात त्यांवर बोलावे.

एक. किशोरींच्या प्रत्येक आरोग्यसत्रात त्वचेला वीस मिनिटे द्यावीत, आणि ती पाळीच्या सत्राइतक्याच गांभीर्याने. जेथे मुलगे असतील तेथे त्यांनाही बसवावे.

दोन. 'ट्यूब घेऊन या' अशी बैठक घ्यावी. घरातली सगळी मलमे, क्रीम, डब्या मुलींनी आणाव्यात आणि आपण मिळून त्यांवरची नावे वाचावीत. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन ही तीन नावे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावीत. आमच्या वस्तीत अशी बैठक झाली. किती घरांतून त्या ट्यूब निघाल्या ते पाहून मी हबकले. काही तर बाळांच्या लंगोटाच्या पुरळावर लावण्यासाठी आणलेल्या होत्या.

तीन. चिठ्ठीशिवाय स्टिरॉइड विकणाऱ्या दुकानांबाबत अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी. आधी दुकानदारांशी बोलावे. सगळेच वाईट हेतूने विकतात असे नाही. आणि वेष्टनावरची धोक्याची सूचना मराठीत हवी, ही मागणी सगळ्या संघटनांनी मिळून लावून धरावी.

चार. रुग्णालयातल्या त्या पाटीबद्दल जिल्हा शल्यचिकित्सकांना निवेदन द्यावे. 'त्वचा विभाग' एवढे लिहिले तर कुणाचे काही बिघडणार नाही. किशोरवयीनांसाठी सरकारची मैत्री क्लिनिके आहेत, तेथे त्वचेची प्राथमिक तपासणी आणि निदान बेंझॉइल पेरॉक्साइड तरी ठेवावे, असाही आग्रह धरावा.

पाच. आशाताईंच्या आणि अंगणवाडीताईंच्या प्रशिक्षणात हा विषय घालायला सांगावा. मुलगी पहिल्यांदा त्यांच्यापाशीच बोलते.

त्या मुलीचा चेहरा अजून पूर्ण बरा झालेला नाही. लाली उतरायला काही महिने लागले, गालावर दोन-तीन खड्डे राहतील असे डॉक्टरांनी सांगितले आहे. बघण्याच्या त्या कार्यक्रमातून नकार आला होता. दुसरे स्थळ तिनेच, बारावी होईपर्यंत नको, म्हणून थांबवायला लावले. त्याचे श्रेय मला घ्यायचे नाही. ट्यूबच्या बैठकीत मात्र ती माझ्या शेजारी बसली होती. एका लहान मुलीने नाकाकडे बोट दाखवून विचारले, "हा मळ कशानं जातो?" मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "मळ नाही तो. इकडे ये, सांगते." आणि फळ्यावर तिने छिद्राचे चित्र काढायला घेतले.